अंगणातील तुळस आणि क्रूस

पाऊस लागला, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानगावांत सर्दी-खोकला येतो आणि चुलीवर काढ्याचे पातेले चढते. तुळशीची दहा-बारा पाने, आले, दोन-चार मिरे व गुळाचा खडा घालून पाणी निम्मे आटवावे आणि कोमट घ्यावे. हा उपाय जातधर्म पाहत नाही. तरीही ‘ख्रिस्ती अंगणात तुळस कशाला?’ अशी शंका आपल्यात अधूनमधून निघते. तिचे एक मूळ गोव्याच्या इतिहासात आहे.

सन १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. ख्रिस्ती झालेल्यांच्या पूर्वापार चालीरीतींवर बंदी घालताना, घरच्या आवारातील तुळस उपटून टाकावी, असेही त्यात बजावले होते. धास्ती होती ती वृंदावनातील पूजेची. परंतु पूजेची तुळस आणि औषधाची तुळस असा भेद करण्यात आला नाही. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे संपले. शंका मात्र मागे उरली.

ग्रीक ख्रिस्तसभेत याच्या उलट चित्र दिसते. संत हेलेनाला पवित्र क्रूस सापडला, तेथे तुळशीचाच सोयरा सब्जा उगवला होता, अशी तिकडील परंपरा सांगते. म्हणून १४ सप्टेंबरच्या सणाला तेथे क्रूस सब्जाच्या डहाळ्यांनी सजवतात.

गोव्याचे फर्मान निघाले तेव्हा चांद्यावर गोंड राजांची सत्ता होती. येथे ते कधी लागूच झाले नाही. १९६२ साली चांद्याचे मिशनक्षेत्र केरळच्या सी.एम.आय. धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले. १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला. त्याच १९६२ साली दुसरी व्हॅटिकन महासभा सुरू झाली होती. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे तिने १९६५ साली जाहीर केले. मग प्रभूने भूमीतून निर्माण केलेली औषधे शहाण्याने तुच्छ मानू नयेत, ही बेन सिराच्या ग्रंथातील शिकवण तुळशीलाच का लागू नसावी?

मात्र औषधी मानणे म्हणजे सर्वसमर्थ मानणे नव्हे. काढ्याने घशाला आराम पडतो. हिवताप जात नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवतापाने आजवर अनेक घरे उजाड केली आहेत. थंडी वाजून ताप आला, की त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. क्रूसाशेजारी तुळस खुशाल वाढू द्यावी. तिच्यावर श्रद्धेचा भार टाकू नये आणि तिच्या भरवशावर उपचारही लांबवू नये.