अज्ञाताची जागा

एकसामयिक समीकरणे शिकवताना पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: एक संख्या क्ष माना, दुसरी य माना. त्यामुळे अशी समजूत होते, की आधी अज्ञात राशींना अक्षरे मिळाली आणि मगच त्यांची समीकरणे सुटू लागली. इतिहासाचा क्रम उलटा आहे. एकमेकींत गुंतलेल्या तीन-चार अज्ञात राशी एकेक करून मोकळ्या करण्याची सर्वसाधारण रीत जिथे प्रथम लिहिलेली सापडते, तिथे एकही अक्षर नाही. तिथे अज्ञाताला नाव नव्हते. त्याला ठरलेली जागा होती. या रीतीचा प्राण ती जागाच आहे, असे माझे म्हणणे आहे. अक्षरे पुढे आली, फार उपयोगी पडली. पण आकडेमोडीचा पसारा वाढला तेव्हा गणितज्ञांना ती पुन्हा बाजूला ठेवावी लागली.

पहिला पुरावा चीनमधला आहे. ‘गणिताची नऊ प्रकरणे’ या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ हान राजवटीत, इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत आजच्या रूपात आला. त्याच्या आठव्या प्रकरणात, फांगचेंगमध्ये, १८ उदाहरणे आहेत आणि ती सगळी याच प्रकारची आहेत. पहिले उदाहरण धान्याचे आहे. उत्तम पिकाच्या ३ पेंढ्या, मध्यम पिकाच्या २ आणि हलक्या पिकाची १ यांतून ३९ मापे धान्य निघते. २, ३ आणि १ पेंढ्यांतून ३४ मापे. १, २ आणि ३ पेंढ्यांतून २६ मापे. तर प्रत्येक पिकाच्या एका पेंढीतून किती? गणक हे आकडे मोजणीच्या काड्यांनी उभ्या ओळींत मांडत असे. एक अट म्हणजे एक ओळ, उजवीकडून डावीकडे. प्रत्येक ओळीत सर्वांत वर उत्तम पीक, त्याखाली मध्यम, मग हलके, तळाशी एकूण धान्य. मधल्या ओळीला ३ ने गुणायचे आणि तिच्यातून उजवी ओळ दोनदा वजा करायची: वरची जागा रिकामी होते, खाली ५, १ आणि २४ उरतात. डाव्या ओळीला ३ ने गुणून उजवी ओळ एकदा वजा केली की ४, ८ आणि ३९ उरतात. आता हीच कृती या दोन ओळींवर केली, की डावीकडे फक्त ३६ आणि ९९ राहतात. म्हणजे हलक्या पिकाच्या एका पेंढीतून २ पूर्णांक ३/४ मापे. तिथून मागे येत मध्यम पिकाचे ४ पूर्णांक १/४ आणि उत्तमाचे ९ पूर्णांक १/४. आज महाविद्यालयात ‘गाऊसची लोप पद्धत’ म्हणून जे शिकवतात, ते पायरीपायरीने हेच आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: ही तर कृती झाली, बीजगणित नव्हे, काड्या हलवणाऱ्याला आपण का हलवतो हे ठाऊक असेलच असे नाही. आक्षेप हलका नाही, पण तो इथे टिकत नाही. सन २६३ मध्ये या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या लिऊ हुई याने कारण स्वच्छ दिले आहे: प्रत्येक ओळीतल्या संख्यांचे परस्परांशी ठराविक प्रमाण असते, म्हणून एक ओळ दुसरीतून वजा केली तरी उरलेल्या आकड्यांच्या खरेपणाला बाध येत नाही. रीतीची उपपत्ती यापेक्षा वेगळी काय असते? त्याहून मोठी गोष्ट अशी, की या मांडणीनेच ऋण संख्या पुढे आणल्या. एका ओळीतून दुसरी वजा करत जाताना कधीतरी लहान आकड्यातून मोठा वजा करावा लागतोच, आणि तेवढ्यासाठी काम थांबवून चालत नाही. म्हणून तिसऱ्याच उदाहरणात धन-ऋणांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम येतात. धनासाठी तांबड्या काड्या आणि ऋणासाठी काळ्या, असे लिऊ हुई सांगतो. ऋण पेंढी शेतात कुठेच नसते. तिची गरज मांडणीला होती. नुसती कृती स्वतःहून संख्यांचे राज्य वाढवत नाही. ती विचारपूर्वक राबवली जात होती म्हणूनच हे झाले.

मग नावांचे काय? त्याचे उत्तर भारतीय बीजगणितात आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये अज्ञातांना रंगांची नावे देऊन त्यांची समीकरणे सोडवण्याचा नियम सांगितला. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, बाराव्या शतकाच्या मध्यावर, ‘अनेकवर्णसमीकरण’ हे स्वतंत्र प्रकरणच आहे. पहिले अज्ञात यावत्तावत्, पुढची कालक, नीलक, पीतक. लिहिताना या, का, नी, पी. त्यातले चार व्यापाऱ्यांचे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते. त्यांचे घोडे अनुक्रमे ५, ३, ६, ८. उंट २, ७, ४, १. खेचरे ८, २, १, ३. बैल ७, १, २, १. चौघांची मालमत्ता सारखी, तर प्रत्येक जनावराची किंमत काय? दोन-दोन पक्ष समान मांडून ‘या’ची मूल्ये काढायची, ती एकमेकांशी समान करायची, मग ‘का’चे तसेच, शेवटी चार नीलक बरोबर एकतीस पीतक एवढेच उरते आणि तिथे कुट्टक, म्हणजे पूर्णांक उत्तरे काढण्याची रीत, लावायचा. उत्तर: घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४, आणि प्रत्येकाची मालमत्ता ८५३. वाचकाने ताळा करून पाहावा. इथे नावे आहेत हे खरे. पण पक्ष एकाखाली एक मांडायचे, वर्णांचा क्रम मोडायचा नाही, एखादे पद नसेल तर तिथे शून्य लिहायचे, हा या परंपरेचा रिवाज आहे. नाव आले तरी जागा सुटली नाही.

नऊ प्रकरणांतही व्यापाऱ्यांच्या उदाहरणासारखेच एक अनिर्धारित उदाहरण आहे: पाच कुटुंबांची एक विहीर आणि त्यांचे दोर. समीकरणे पाच, अज्ञाते सहा. ग्रंथ खोली ७२१ देतो, आणि ही केवळ प्रमाणे आहेत, हे लिऊ हुईने ओळखले होते. दोन उदाहरणांची ठेवण इतकी जवळची असल्याने इकडून तिकडे ज्ञान गेले असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. गुंता एकच असेल तर तो सोडवण्याच्या वाटा मिळत्याजुळत्या निघतात. साम्य म्हणजे उसनवारीचा पुरावा नव्हे. नावांचा खरा लाभ मात्र मान्य केला पाहिजे. दोन अज्ञातांचा गुणाकार आला, की जागा अपुऱ्या पडतात. चीनमधल्याच झू शिजिए या गणितज्ञाने १३०३ मध्ये चार अज्ञातांपर्यंत मजल मारली, ती मांडणीच्या चार दिशा चौघांना वाटून देऊन. पाचव्याला दिशाच उरत नव्हती. भास्कराचार्यांना वर्णांच्या गुणाकारासाठी ‘भावित’ हा वेगळा प्रकार मोकळेपणाने करता आला, कारण या आणि का ही नावे कुठेही नेता येतात. म्हणजे अक्षरांचे सामर्थ्य रेषीय समीकरणांच्या पलीकडे आहे. रेषीय समीकरणांपुरती तरी जागा पुरेशी होती.

युरोपचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. तिथे बुतेओ या गणितज्ञाने १५५९ मध्ये अनेक अज्ञातांना अक्षरे देऊन लोपाची रीत वापरली. तरीही पुढे शंभरेक वर्षांनी न्यूटनला बीजगणिताच्या पुस्तकांत हा धडाच नाही अशी नोंद करावी लागली. त्याने तो लिहिला आणि १७०७ मध्ये छापून आला. अक्षरे हाताशी असून धडा नव्हता, एवढे एकच उदाहरण मला पुरेसे वाटते. लाइबनिट्झने १६९३ मध्ये लोपितालला लिहिलेल्या पत्रात सहगुणकांसाठी अक्षरे सोडून १०, ११, १२ असे अंक वापरले. पहिला अंक समीकरणाचा, दुसरा अज्ञाताचा. हे अंक म्हणजे सहगुणकाचा पत्ताच. आणि या पत्त्यांतूनच त्याला निश्चयकाचा नियम दिसला. आता गाऊस. १८०९ च्या ग्रंथात तो या रीतीला सर्वसामान्य लोप म्हणतो. तिच्यावर हक्क सांगत नाही. त्याचे स्वतःचे काम पुढच्याच वर्षी पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेच्या गणितात दिसते. तिथे त्याने अज्ञाते पुन्हापुन्हा लिहिणे टाळून फक्त सहगुणकांची कंसांतली खूण चालवली. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यातल्या डूलिटलने १८७८ मध्ये तीच आकडेमोड तक्त्यांत बसवली. रीतीला गाऊसचे नाव चिकटले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, यंत्रगणकांच्या आरंभकाळात. आणि त्या यंत्रांनाही लागत होते ते आडव्या-उभ्या ओळींतले आकडेच.

गाऊसचे नाव काढून टाका असा माझा आग्रह नाही. मोठ्या गणितांसाठी रीत नेटकी करण्याचे श्रेय त्याचे आहेच. आग्रह आहे तो शिकवण्याच्या क्रमाबद्दल. आपल्याकडे दहावीला क्रेमरची १७५० ची निश्चयक पद्धत शिकवतात. दोन अज्ञातांना ती सुटसुटीत पडते. पण दहा अज्ञाते असली तर एकेका निश्चयकात ३६,२८,८०० पदे येतात, आणि असे अकरा निश्चयक काढावे लागतात. ओळीतून ओळ वजा करत गेले तर तेच काम काहीशे गुणाकार-भागाकारांत उरकते. पेंढ्यांचे ते उदाहरण, क्ष आणि य न लिहिता, नुसते आकडे ओळींत मांडून नववीच्या मुलांनाही सोडवता येईल.