पैनगंगेच्या दोन्ही काठांचे चित्र

हिंगोली जिल्ह्याचा नकाशा म्हटला की डोळ्यांपुढे पाच रंगांचे पाच तुकडे येतात: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. भोवती जाड रेघ आणि रेघेपलीकडे कोरा कागद. उत्तरेला पैनगंगा आली की नकाशा संपतो. याच मुलखाचे उपग्रहचित्र मोठ्या कागदावर छापून शेजारी टांगले, तर पहिल्याच नजरेत कळते की कोरा कागद कुठेच नाही. पैनगंगेचे दोन्ही काठ सारखेच दिसतात, कयाधू वाशीम जिल्ह्यातून येऊन हिंगोली, कळमनुरी ओलांडत पैनगंगेकडे जाताना दिसते, आणि दक्षिणेला पूर्णेवरचे तलाव. असे पोस्टर आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनात नाहीतर साहेबांच्या दालनात शोभेसाठी लावले जाते. माझ्या मते हिंगोलीसारख्या जिल्ह्यासाठी ते इतिहासाचे अस्सल कागदपत्र आहे. दोनशे वर्षे या मुलखाचे नकाशे हद्दीच्या हिशेबाने काढले गेले, आणि मुलूख मात्र पाण्याच्या हिशेबाने जगत आला. हे अंतर भिंतीवर उघड दाखवणारे दुसरे साधन आपल्यापाशी नाही.

हद्दीचा हा हिशेब जुना आहे. इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात विल्यम लॅम्बटनने १८१५ मध्ये बीदरजवळ दामरगिद्दा येथे पायारेषा मोजली आणि १८२२ मध्ये अचलपूरजवळ टाकळखेडा येथे दुसरी मोजली गेली. या दोन ठिकाणांना जोडणारी त्रिकोणांची साखळी आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या पूर्वेच्या अंगाने वर सरकली. त्याच काळात, १८१९ पासून, हिंगोली गाव हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी झाले होते आणि ही छावणी १९०३ पर्यंत टिकली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि पैनगंगा दोन राजवटींची सीमा ठरली. १९१२ मध्ये पूर्णा जंक्शनहून निघालेली निजामाची रेल्वे हिंगोलीला येऊन थांबली. पुढचा वऱ्हाड पार करून खांडव्याला जोडणारा मार्ग तयार व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. या काळात राज्यकर्ते बदलले, राज्ये बदलली, पण पैनगंगेवरची रेघ पुसली गेली नाही. तिचे नाव फक्त बदलत गेले: आधी निजामशाही आणि वऱ्हाड, आता मराठवाडा आणि विदर्भ.

आकाशातून घेतलेली चित्रे या कथेत अगदी अलीकडे आली. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सुटला. भारताचा आयआरएस-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून गेला. त्याची चित्रे हैदराबादजवळच्या शादनगर केंद्रावर उतरत. ज्या हैदराबादेतून कधीकाळी हिंगोलीचा कारभार चालला, त्याच हैदराबादेत तिची नवी प्रतिमा तयार होऊ लागली. या चित्रांची ताकद शेतकऱ्याच्या मापात सांगितली तर नीट कळते. आयआरएस-१ए च्या पहिल्या कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर साडेबहात्तर मीटर लांबीरुंदीचा होता, म्हणजे सुमारे ५२ गुंठे. एक एकराचे शेत त्या एका ठिपक्यात बुडून जाई. डिसेंबर १९९५ मधल्या आयआरएस-१सी च्या लिस-३ कॅमेऱ्याने हा ठिपका साडेतेवीस मीटरवर, म्हणजे साडेपाच गुंठ्यांवर आणला. एका एकरात सात ठिपके मावू लागले आणि शेताचा बांध जाणवू लागला. त्या कॅमेऱ्याचा पट्टा १४१ किलोमीटर रुंद होता, त्यामुळे एकाच दिवशी, एकाच उन्हात घेतलेल्या एका चित्रात संपूर्ण जिल्हा आणि शेजारचे तालुके मावू शकत होते. पोस्टर म्हणून हेच चित्र उत्तम. अडीच लाखाला एक या प्रमाणात छापले, तर शंभर किलोमीटर मुलूख चाळीस सेंटिमीटर कागदावर येतो आणि हिंगोली शहर अंगठ्याच्या नखाएवढे दिसते.

असे पोस्टर वाचायला शिकावे लागते. रूढ पद्धतीत डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण तांबड्या रंगात छापतात. हिरवे पान हे किरण भरपूर परावर्तित करते, म्हणून जिवंत पीक लालभडक उमटते. पाणी काळे किंवा गडद निळे, वस्ती निळसर राखाडी आणि नांगरून ठेवलेली काळी जमीन गडद हिरवट. आता नोव्हेंबर-डिसेंबरमधले चित्र घ्या. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन तोवर निघालेले असते. हळद मात्र फेब्रुवारी-मार्चपर्यंत रानात उभी असते. साहजिकच पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांचे वसमतकडचे भिजणारे रान लाल उरते आणि कोरडवाहू माळरान फिके पडते. सिद्धेश्वर धरणाचा काळा आकार, त्यापासून निघालेली बारीक रेघ आणि तिच्या कडेने लाल ठिपक्यांची गर्दी, एवढ्यावर वसमतच्या हळदबाजाराचे अर्धे कारण उलगडते. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाची पार्श्वभूमी या चित्रात जितकी स्पष्ट दिसते, तितकी कुठल्या कागदी नकाशात दिसत नाही. उत्तरेकडे इसापूरचा तलावही असाच बोलतो. लँडसॅटच्या सत्तरच्या दशकातल्या चित्रांत तिथे पैनगंगेचे नुसते वळण आहे. ऐंशीच्या दशकानंतरच्या चित्रांत पाण्याचा मोठा फुगवटा आहे. एक काठ पुसदकडे, एक कळमनुरीकडे, आणि पाणी मात्र एकच. दीडशे वर्षे सीमा म्हणून काढलेली नदी इथे दोन्ही काठांची साठवण म्हणून दिसते.

यावर पहिला आक्षेप असा की ही चित्रे खरी नसतात. लाल शेत कुणी पाहिले आहे? आक्षेप रास्त आहे, पण तो नकाशालाही लागू होतो. पाच तालुक्यांचे पाच रंग जमिनीवर कुठे आहेत? फरक एवढाच की उपग्रहचित्रातला रंग मोजलेल्या प्रकाशातून येतो आणि तालुक्याचा रंग छापखान्यात ठरतो. खरी मर्यादा वेगळी आहे. चित्र एका दिवसाचे असते. जुलै ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते, त्यामुळे ज्या हंगामावर जिल्हा उभा आहे तो खरीप अशा कॅमेऱ्यांना नीट सापडत नाही. ढगांतून पाहू शकणारा रिसॅट-१ हा भारतीय रडार उपग्रह २०१२ मध्ये आला, पण त्याची करडी चित्रे वाचणे सामान्यांना अवघड जाते. म्हणूनच तारीख न छापलेले उपग्रह-पोस्टर निरुपयोगी समजावे. जुन्या दस्तावर मिती असल्याशिवाय आपण त्याला पुरावा मानत नाही. इथेही तोच दंडक हवा.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आकाशातून माणूस दिसत नाही. नर्सी हे संत नामदेवांचे गाव कयाधूकाठी राखाडी ठिपका होते, औंढ्याचे नागनाथ मंदिर साडेपाच गुंठ्यांच्या ठिपक्यांत ओळखूही येत नाही. धरणात कुणाचे घर गेले, कालव्याच्या शेपटाला पाणी का पोचले नाही, हे चित्र सांगत नाही. शिवाय मोजणारी नजर आधी छावणीची होती आणि पुढे सरकारची झाली. ही सारी गोष्ट मला मान्य आहे. त्यातून एवढेच निघते की चित्राच्या शेजारी गावनकाशा, सातबारा आणि म्हाताऱ्यांची आठवण लागते. चित्र दूर सारावे, असे त्यातून निघत नाही. सत्तेच्या नजरेचे भय असेल तर उपाय ती नजर सर्वांना देणे हा आहे. या दिशेने पावले पडलीही आहेत. २००१ च्या धोरणाने ५.८ मीटरपर्यंतची चित्रे खुली केली, २०११ च्या धोरणाने ही मर्यादा एक मीटरवर आणली आणि २००९ पासून भुवन संकेतस्थळावर भारतीय चित्रे कुणालाही पाहता येतात. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून राज्यासाठी हे काम करत आहे. चित्रे आहेत, ती गावाच्या भिंतीपर्यंत आलेली नाहीत.

तिसरे म्हणणे आजचे आहे: मोबाइलवर सगळे दिसते, पोस्टर कशाला? मोबाइलवर माणूस आपले घर शोधतो आणि तिथेच थांबतो. तिथले चित्र वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडून केलेले असते. डिसेंबरचे एक शेत मे महिन्यातल्या दुसऱ्या शेताला चिकटलेले असू शकते, तेव्हा त्यावरून हंगामाची तुलना होत नाही. पोस्टर एका तारखेचे असते, सगळ्यांसमोर असते, आणि त्यापुढे उभे राहून दोन गावांची माणसे एकाच नाल्यावर बोट ठेवू शकतात. वरच्या गावाने अडवलेले पाणी आणि खालच्या गावाची कोरडी विहीर एका नजरेत यायला मोठा कागदच लागतो. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रयोगशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या काटकोनातल्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील, अडीच लाखाच्या प्रमाणात दीड सेंटिमीटरहून थोड्या मोठ्या. त्या उभ्या राहतील तेव्हा आधीचे माळरान कसे होते हे दाखवणारे चित्र आजच जपून ठेवायला हवे.

म्हणून मागणी साधी आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि माध्यमिक शाळेत दोन पोस्टर लावावीत: एक पावसाळा सरल्यावरचे, एक मे महिन्यातले. दोन्हींवर तारीख आणि प्रमाण छापलेले असावे, गावांची नावे मराठीत असावीत, आणि पैनगंगेचे दोन्ही काठ पूर्ण दाखवलेले असावेत. दर दहा वर्षांनी नवी जोडी लावावी आणि जुनी फेकू नये. पन्नास वर्षांनी या मुलखाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला तीच सर्वांत आधी लागेल.