बालकांचे बहिरेपण आणि मुंबईचे कर्णवैद्यक

मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर ‘त्याचा बापही उशिराच बोलू लागला’ असे म्हणून आपल्या घरांतून समाधान मानले जाते. त्या समाधानाची किंमत काय, हे ज्ञातिबांधवांपुढे मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

जन्मतः बहिरे मूल बहुधा शब्द कानी न पडल्यामुळेच मुके राहते. अंतःकर्णातील सूक्ष्म पेशी निकामी असल्या तरी श्रवणाची नस पुष्कळदा शाबूत असते. १९६१ साली अमेरिकेत विल्यम हाउस यांनी त्या नसेस विद्युत्-संदेश पोचविणारे यंत्र बसविले. १९७८ साली मेलबर्न येथे, बहिऱ्या पित्याचे पुत्र ग्रॅम क्लार्क यांनी त्यात मोठी सुधारणा केली.

ही विद्या भारतात रुजविणाऱ्या अग्रणींत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांची गणना होते. परळचे सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालय यांचे ते गुणश्री प्राध्यापक होत. २०१४ साली त्यांस पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

परंतु शस्त्रवैद्य कितीही निष्णात असला तरी गेलेला काळ त्यास परत आणता येत नाही. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची शक्ती पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असते. तो काळ दवडल्यास यंत्राने आवाज ऐकू येईल, पण त्याचा अर्थ उमगणे कठीण जाईल. नवजात बालकाची श्रवणचाचणी काही मिनिटांत व वेदनेवाचून होते. ती पहिल्या महिन्यातच करून घ्यावी, अशी प्रत्येक ज्ञातिकुटुंबास आमची आग्रहाची विनंती आहे.