मध किती, चंद्र किती

ग्रीक लोकांच्या पुराणात देवांचा राजा झ्यूस आणि त्याची बायको हेरा यांच्या मधुचंद्राची एक कथा आहे. सामोस नावाच्या बेटावर त्यांची पहिली रात्र साजरी झाली आणि ती रात्र म्हणे तीनशे वर्षं चालली. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. आकडा दिसला की हात आपोआप पेनाकडे जातो. तीनशे वर्षं म्हणजे १,०९,५०० दिवस, लीप वर्षांचे वेगळे. एवढी रजा मंजूर करणारा ब्रँच मॅनेजर अजून जन्माला यायचा आहे. बँकेत लग्नासाठी चार दिवस मागितले तर "चार कशाला? मुहूर्त तर एकच आहे ना?" असा प्रतिप्रश्न येतो. पुढे याच सामोस बेटावर पायथागोरस जन्मला. तीनशे वर्षांच्या त्या मधुचंद्राच्या बेटानं जगाला काय दिलं, तर पोरांना शाळेत छळणारं भूमितीचं एक प्रमेय!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हल्ली आमच्या शिरूर अनंतपाळपर्यंत ग्रीसचं वारं येऊन पोचलं आहे. आमच्याकडची पोरं शिकून पुण्या-हैदराबादेला नोकऱ्या करतात आणि लग्न ठरलं की मोबाइलवर सांतोरिनी बेटाचे फोटो घेऊन गावी येतात. पांढरीफेक घरं, निळे घुमट, खाली निळाशार समुद्र. घरातली वडीलधारी बाई चष्मा लावून ते फोटो बघते आणि एकच प्रश्न विचारते, "देव कोणता हाय तिथं?" देव नाही, नुसता समुद्र आहे, असं कळल्यावर ती म्हणते, "मग एवढ्या लांब जाऊन जोडीनं पाया कुणाच्या पडायच्या?"

पोरं हसतात. पण इतिहासाची खातेवही उघडून पाहिली तर म्हातारीचा अर्ज तसा फेटाळण्यासारखा नाही.

मुळात 'मधुचंद्र' हा शब्द आपण इंग्रजीवरून बेतून घेतलेला. तिकडे रिचर्ड ह्युलोएट नावाच्या गृहस्थानं १५५२ साली एक इंग्रजी-लॅटिन कोश काढला, त्यात या शब्दाचा अर्थ दिला आहे. त्यात प्रवास नाही, हॉटेल नाही, समुद्र तर नाहीच. नवं जोडपं सुरुवातीला एकमेकांवर फार जीव टाकतं आणि मग ते प्रेम पौर्णिमेनंतरच्या चंद्रासारखं उतरत जातं, असा एकूण भाव. म्हणजे शब्द खात्यावर आला तेव्हाच त्याच्यावर घसारा धरलेला होता!

लग्नानंतर फिरायला जाण्याची चाल इंग्लंडातल्या पैसेवाल्यांत रुळली ती एकोणिसाव्या शतकात. पण ते फिरणं तरी कसलं? ज्या नातेवाइकांना लग्नाला येता आलं नाही, त्यांच्या घरी जाऊन जोडी दाखवून यायची. आणि जाताना दोघंच नाहीत, बरोबर एखादी बहीण, एखादी मैत्रीण, कधी घरातली चार माणसं. हे वाचलं आणि मी उडालोच. अहो, हे तर आमचं तुळजापूर!

आमच्याकडे लग्न झालं की जोडीनं देवदर्शनाला जायचं. 'जोडीनं' हा शब्द फसवा आहे. जीपमध्ये जोडी एक आणि बाकीची माणसं अकरा. त्यात दोन आत्या, एक मामा, नवऱ्याच्या मित्रांपैकी ज्याला वाट माहीत आहे असा एक जण, दशम्यांचं गाठोडं आणि नवरा-नवरीच्या बरोबर मध्ये बसलेली करवली. आई भवानीचं दर्शन होतं, नारळ फुटतो, कुंकू लागतं, आणि संध्याकाळी सगळे परत. दिवसभरात नवऱ्यानं नवरीशी बोललेलं एकच वाक्य: "चप्पल कुठं ठेवलीस?" त्या मानानं जेजुरीला जाणारे नशीबवान. तिथं नव्या नवरीला उचलून घेऊन पायऱ्या चढायची रीत आहे. चारचौघांत, आत्यांच्या डोळ्यांदेखत, बायकोला हात लावायची ही एकुलती एक धर्ममान्य सवलत. ज्या कुणी ही रीत घातली, त्याला तरुणांच्या अडचणी ठाऊक होत्या.

आता महाराष्ट्रातल्या मधुचंद्राच्या गादीच्या दोन गावांकडे वळू. महाबळेश्वर आणि माथेरान. ही गावं प्रेमासाठी वसवली असा तुमचा समज असेल तर तो सोडून द्या. महाबळेश्वर इंग्रजांनी वसवलं ते आजारी साहेबांना हवापालट म्हणून. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं ही जागा सातारच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली आणि पेठेला स्वतःचं नाव देऊन टाकलं, माल्कम पेठ. म्हणजे जिथं आज नवी जोडपी स्ट्रॉबेरी खातात, तिथं आधी तापानं बेजार झालेले गोरे लोक काढा पीत बसायचे. माथेरानचंही तेच. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली तो डोंगर चढून गेला, त्याला हवा आवडली, साहेबांनी बंगले बांधले. तिथल्या धनगर-ठाकरांना तो डोंगर आधीपासून माहीत होता, पण ते कलेक्टर नव्हते.

पुढे मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा लावला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हिंमत केली आणि सुमारे १६ लाख रुपये खर्चून नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी १९०७ साली सुरू झाली. या मार्गावर एक बोगदा आहे. एकच, आणि तोही एवढासा. त्याचं नाव 'वन किस टनेल'. एक चुंबन होईल इतकाच अंधार, म्हणून. रेल्वेच्या कागदोपत्री इतकं रसिक मोजमाप दुसरीकडे कुठं सापडायचं नाही. बरं, पीरभॉयांनी १६ लाख घातले ते काही त्या बोगद्यासाठी नव्हे, पण लोकांनी लक्षात ठेवला तो बोगदाच.

आमच्या लातूरलाही छोटी गाडी होती बरं का! बार्शी लाइट रेल्वे. कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोचली. माथेरानची गाडी दोन फुटी, आमची अडीच फुटी. म्हणजे रुंदीत आम्ही सहा इंचांनी पुढे. फरक एवढाच, की ती गाडी थंड हवेकडे जायची आणि आमची पंढरपूरकडे. तिच्यात मधुचंद्राला निघालेलं जोडपं बसलं असेल तर ते तुळशीमाळांच्या गर्दीत दडून बसलं असेल. पुढे तिचे सगळे रूळ रुंद झाले.

मग आमची माणसं महाबळेश्वरला का गेली नाहीत? एक तर आम्ही निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचं मोठं शहर हैदराबाद, मुंबई म्हणजे दुसऱ्याचा मुलूख. आणि आमच्याकडे चालायचा हाली रुपया. पलीकडे कलदार. सात हाली दिले की साधारण सहा कलदार मिळायचे. म्हणजे माथेरानला जायचं तर परकीय चलनाचा प्रश्न आला! आजच्या पोराला ग्रीसचे युरो घेताना जो घाम फुटतो, तो आमच्या पणजोबांना पुण्याला जातानाच फुटायचा.

आता एक गंमत बघा. सांतोरिनी हे बेट म्हणजे एका ज्वालामुखीचं फुटलेलं तोंड आहे. साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तो असा काही फुटला की बेटाचा मधला भागच समुद्रात गेला. उरलेल्या कडेवर ती पांढरी घरं. आणि आपलं महाबळेश्वर, माथेरान? तेही लाव्हारसाचेच थर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे जगात कुठंही जा, माणूस मधुचंद्राला जातो तो ज्वालामुखीवरच. लाव्हा आधी थंड झालेला असतो, संसाराचा क्रम तेवढा उलटा. आमचं शिरूर अनंतपाळही त्याच काळ्या दगडावर वसलेलं आहे, तेव्हा भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनं आम्ही सगळे कायमच मधुचंद्रावर आहोत, फक्त बिल येत नाही.

ग्रीसचा तो ज्वालामुखी मात्र अजून पुरता निवलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथं इतके धक्के बसले की हजारो माणसं बेट सोडून गेली. भूकंपाचं नाव निघालं की आमच्या भागातला माणूस विनोद थांबवतो. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट अजून आमच्या अंगावर आहे. तेव्हा आई म्हणाली की "तिकडं नको रं बाबा", तर तिला अडाणी म्हणू नये.

असो. खरा प्रश्न जागेचा नाहीच. खरा प्रश्न असा, की दोन माणसांना एकमेकांशी निवांत बोलायला मिळालं कधी? मधुचंद्राचा इतिहास म्हणजे हवेच्या ठिकाणांचा इतिहास नव्हे, तो या परवानगीचा इतिहास आहे. आणि ही परवानगी आपल्याकडे फार उशिरा मंजूर झाली.

महादेव गोविंद रानडे, पुढचे न्यायमूर्ती, यांचं १८७३ साली रमाबाईंशी लग्न झालं तेव्हा ते एकतीस वर्षांचे आणि त्या अकरा. रानड्यांनी लग्नानंतर काय केलं, तर बायकोला लिहायला-वाचायला शिकवायला घेतलं. रमाबाईंचं आठवणींचं पुस्तक १९१० साली निघालं, त्यात हे सगळं आहे. या शिकण्यापायी घरातल्या बायकांनी त्यांना किती छळलं, तेही आहे. नवरा-बायकोचा संवाद अक्षरओळखीपासून सुरू करायचा आणि त्यालाही घरातून हरकत. मुलीचं लग्नाचं वय चौदा करणारा कायदा आला १९२९ साली, तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. नवरी आधी मोठी व्हायला हवी, मग बोलणं, मग फिरणं. घाई करून कसं चालेल?

मोठी झाली तरी जागा कुठं होती? १९७० साली 'मुंबईचा जावई' नावाचा मराठी सिनेमा आला. गोष्ट एवढीच, की मुंबईच्या लहानशा भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही. लोक पोट धरून हसले, कारण थिएटरातल्या निम्म्या लोकांची घरी तीच अवस्था. दोन वर्षांनी त्यावरून 'पिया का घर' निघाला आणि हिंदुस्थानभर लोक हसले. अडचण राष्ट्रीय होती.

माझ्या आजीचं लग्न निजामाच्या राजवटीत झालं, तेराव्या वर्षी. लग्नानंतर आठ महिन्यांनी सगळं घर बार्शी लाइटनं पंढरपूरला निघालं, लहानमोठी चौदा माणसं. तोवर आजी-आजोबा एकमेकांशी बोललेच नव्हते. दिवसा बोलायची सोय नाही, रात्री आजी सासूजवळ. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. बायका फलाटावर पंचा पसरून आडव्या झाल्या आणि आजीला सामानाची राखण दिली. आजोबा पाण्याचा तांब्या भरून आले. बघितलं तर सगळे झोपलेले. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "माहेरी तुला काय म्हणायचे?"

लग्नात आजीचं नाव बदललेलं होतं, रिवाजच तो. नवं नाव सासऱ्यांनी ठेवलेलं, ताटातल्या तांदळात लिहिलेलं. त्या नावानं सगळं घर हाक मारायचं. आजीनं खाली मान घालून आपलं जुनं नाव सांगितलं. आजोबा "बरं" म्हणाले आणि डब्यात जाऊन बसले. झाला मधुचंद्र! पण पुढची पन्नास वर्षं, आसपास कुणी नसलं की आजोबा तिला त्याच नावानं हाक मारायचे. आजीनं मात्र आयुष्यभर त्यांचं नाव घेतलं ते उखाण्यात. आणि ते माहेरचं नाव काय होतं, हे आम्ही नातवंडांनी किती खोदून विचारलं तरी तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. बँकेत कुणी बाई लग्नानंतरचं नाव बदलायला गॅझेट नाहीतर लग्नाचा दाखला घेऊन काउंटरवर आली की मला हटकून ते न कळलेलं नाव आठवतं.

आता हिशोब करू. झ्यूस आणि हेरा, तीनशे वर्षं, बेटासकट. पण त्याच पुराणात पुढं काय आहे? झ्यूस जन्मभर बाहेर लफडी करत हिंडतो आणि हेरा जन्मभर त्याच्या पाळतीवर. आजी-आजोबा, कुर्डुवाडीचा फलाट, पाच मिनिटं. शिल्लक कुणाच्या नावावर जास्त, हे सांगायला ऑडिटर नको.

म्हणून पोरांनी ग्रीसला जाऊ नये असं मी म्हणत नाही. जावं की! स्वतःच्या कमाईनं, स्वतः ठरवून, दोघांनीच जायचं, हे मिळवायला आपल्या लोकांना दीडशे वर्षं लागली आहेत. फक्त तिथं पोचल्या पोचल्या घुमटापुढचे सत्तावीस फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नयेत. ग्रुपमध्ये दोन्हीकडचे मिळून चौसष्ट जण असतात. आत्या लगेच "स्वेटर घाला" म्हणून कळवतात, मामा हॉटेलचं भाडं विचारतात, आणि एवढे पैसे खर्चून शेवटी बिचारे तुळजापूरच्या त्याच जीपमध्ये येऊन बसतात.

माझ्या स्वतःच्या मधुचंद्राबद्दल लिहायला सौभाग्यवतीची सक्त मनाई आहे. महाबळेश्वरला तिन्ही दिवस धुकं होतं, एकही पॉइंट दिसला नाही, एवढंच सांगतो. एकमेकांशिवाय बघायला दुसरं काही नव्हतं, तेव्हा बोललो. बाकी मध किती आणि चंद्र किती, ते ज्याचं त्यानं मोजावं. आमच्या बँकेत त्याचं खातं उघडायची सोय नाही.