तोफेवरचे नाव

मी मूळचा पिंपळगाव राजाचा, बुलढाणा जिल्ह्यातला. शाळेत असताना आमची सहल एस.टी.ने अकोटमार्गे नरनाळा किल्ल्यावर गेली होती. तिथली नऊगजी तोफ पाहून आम्ही पोरे हरखलो आणि तिच्यावर चढून बसलो. एक वर्गमित्र सहज म्हणाला, ‘‘ही तुमच्या लोकांची तोफ.’’ मी मुकाट्याने खाली उतरलो.

गुरुजींनी ते ऐकले. त्यांनी विचारले, ‘‘पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना कोणाच्या हाताखाली होता?’’ कोणालाच सांगता येईना. मग त्यांनीच सांगितले, ‘‘इब्राहिमखान गारदी. १७६० साली उदगीरला तो भाऊसाहेबांबरोबर होता. १७६१ साली पानिपतावर पकडला गेला आणि मारला गेला. पण त्याने बाजू बदलली नाही.’’

पुढे वाचन वाढले, तशी मलिक-ए-मैदान भेटली. सुमारे ५५ टनांची ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा कारागीर तुर्की, महंमद रूमी. त्याचे नाव तोफेवर कोरलेले आहे. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात आली आणि १६३२ साली मुरारपंतांनी ती विजापूरला नेली. तुर्काने ओतली, निजामशाहीने वापरली आणि मराठी ब्राह्मणाने वाहून नेली. आता ती कोणाच्या लोकांची म्हणायची?

१८५४ साली इंग्रज सरकारने ती मोडीत काढायला लिलाव मांडला. बोली आली अवघी दीडशे रुपये. लोकांच्या मनात या तोफेला मोठा मान आहे, हे मामलेदाराने वर कळवले आणि विक्री रद्द झाली. तोफ वाचली ती लोकांच्या मायेमुळे.

ती माया आजही दिसते. सह्याद्री प्रतिष्ठानसारख्या संस्थांची तरुण मुले लोकवर्गणी काढून गडांवरच्या तोफांना सागवानी गाडे बसवतात. मातीत पडलेले लोखंड ओल धरते आणि पापुद्र्यापापुद्र्याने झडते. गाड्यावर चढलेली तोफ कोरडी राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरते. शेकडो किलोंचे ते धूड खांद्याने आणि दोरांनी हलवताना कोणी कोणाची जात विचारत बसत नाही.

मात्र उत्साहाला जाणकाराची जोड हवी. संरक्षित स्मारकात पुरातत्त्व विभागाची परवानगी घ्यावीच लागते. चौकातल्या तोफेसाठीही त्यांचा सल्ला घ्यावा. आपल्याकडे राष्ट्रीय सण आला की चौकातल्या तोफेला चकचकीत ऑइलपेंट फासतात. त्या रंगाखाली ओल आणि क्षार कोंडून राहतात व लोखंड आतून खात जातात. तारेच्या ब्रशने खरवडले तर कोरीव अक्षरे पुसट होतात. एकदा गेलेले अक्षर पुन्हा येत नाही.

म्हणून तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे. तोफ उचलण्याआधी तिच्यावर काही कोरले आहे का, ते पाहा. फारसी असो की देवनागरी, त्याचा फोटो घ्या आणि जाणकाराकडून वाचून घ्या. मग चौकातल्या फलकावर राजाच्या नावाखाली ओतणाऱ्या कारागिराचेही नाव मराठीत लिहा. त्या तोफेवर बसलेल्या एखाद्या पोराला खाली उतरावेसे वाटू नये, यासाठी एवढे पुरेल.