पक्षिनिरीक्षण
पक्ष्यांना न मारता व न पकडता त्यांच्या नैसर्गिक परिसरात त्यांची ओळख, संख्या, स्वर व वर्तन यांचे निरीक्षण करून नोंद ठेवणे, यास पक्षिनिरीक्षण म्हणतात. अभयारण्यांतील सहली आणि घराभोवतीची बाग ही त्याची दोन प्रमुख क्षेत्रे होत. आज तो छंद म्हणून रूढ असला, तरी बंदुकीकडून दुर्बिणीकडे झालेल्या संथ वाटचालीचा इतिहास त्यामागे आहे.

इंग्लंडमधील सेल्बर्न येथील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–९३) याने आपली बाग व गावचा परिसर यांतील नोंदींवर आधारलेला ग्रंथ १७८९ मध्ये प्रसिद्ध केला. दिसण्यात जवळजवळ सारखे असलेले तीन वटवटे त्याने मुख्यतः आवाजावरून वेगळे ओळखले. तथापि एकोणिसाव्या शतकात पक्षी मारून नमुने जमविणे हाच अभ्यासाचा मान्य मार्ग होता. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या भारतीय संग्रहात कातडी व अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने होते. पक्ष्यांच्या वर्गीकरणाचा पाया अशाच संग्रहांनी घातला, हेही मान्य केले पाहिजे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी शिकारीच्या चढाओढी होत. त्यांऐवजी पक्षी मोजण्याची प्रथा फ्रँक चॅपमन यांनी १९०० मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी तीत २७ निरीक्षक सहभागी झाले.

भारतात बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) या संस्थेने आणि सलीम अली (१८९६–१९८७) यांनी या विषयास लोकाभिमुख केले. अलिबागजवळील किहीम येथे राहत असताना अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला व तो १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पाहून पसंत करते आणि मग नर ते पुरे करून दुसऱ्या घरट्याकडे वळतो, हा क्रम त्यांनी नोंदविला. मेलेल्या पक्ष्याच्या कातडीवरून हे कळणे शक्य नव्हते. त्यांचे द बुक ऑफ इंडियन बर्ड्स १९४१ मध्ये प्रकाशित झाले.

राजस्थानातील भरतपूरजवळच्या केवलादेव या पाणथळीचा इतिहास याबाबत बोधप्रद आहे. तेथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तेथील शिळेवर कोरलेला आहे. पुढे हे क्षेत्र संरक्षित झाले. १९८२ मध्ये तेथे गुरे चारण्यास बंदी आल्यावर झालेल्या संघर्षात काही ग्रामस्थांचा बळी गेला. मात्र वरील संस्थेच्या दीर्घकालीन पाहणीत असे आढळले की, म्हशींच्या चरण्यामुळे पाणगवत आटोक्यात राहत होते. बंदीनंतर ते माजले आणि उघडे पाणी कमी होऊन अनेक पाणपक्ष्यांची गैरसोय झाली. माणसास वगळले म्हणजे संरक्षण साधले, हा समज येथे निरीक्षणानेच खोटा ठरविला.

अभयारण्यास जाताना मंद रंगाचे कपडे, शांतता व घरट्यापासून अंतर हे नियम पाळावेत. घरच्या बागेसाठी मोठ्या जागेची गरज नसते. पांगारा, काटेसावर यांसारखी देशी झाडे, दाट झुडपे व उथळ पाण्याचे भांडे असल्यास आणि कीटकनाशके टाळल्यास बुलबुल, शिंजीर, शिंपी, दयाळ हे पक्षी येतात. भांड्यातील पाणी नियमित बदलावे.

अशा किरकोळ वाटणाऱ्या नोंदींचे मोल एकत्रितपणे मोठे ठरते. भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला असून, त्यात ९४२ जातींपैकी १७८ जातींच्या संवर्धनास अग्रक्रम द्यावा, असे म्हटले आहे.