‘बो’ : एका आयरिश शब्दाची कुळकथा

आयरिश भाषेत गाईला ‘बो’ म्हणतात. संस्कृत ‘गौः’शी त्याचे नाते कानाला पटत नाही, पण ते पक्के आहे. मूळ इंडो-युरोपीय भाषेत या शब्दाच्या आरंभी ओठ गोल करून काढलेला ‘ग्व’सारखा ध्वनी होता. संस्कृतात त्यातला ‘ग’ उरला, केल्टिक शाखेत त्याचा ‘ब’ झाला. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिनच्या समान उगमाचे अनुमान मांडले, तेव्हा केल्टिकलाही त्यात जागा दिली होती. म्हणजे ‘बो’ ही ‘गौः’ची मुलगी नव्हे, बहीण.

व्याकरणात ‘बो’ स्त्रीलिंगीच. पण विकार होतो तो शब्दाच्या तोंडाशी. आपली ‘गाय’ विभक्तीत ‘गाईचा’, ‘गाईला’ अशी शेवटाकडे बदलते. आयरिशमध्ये ‘ती गाय’ म्हणताना ‘अन वो’ असा उच्चार होतो, ‘त्या गाईंचा’ म्हणताना ‘ना मो’. अनेकवचन मात्र ‘बा’.

प्राचीन आयरिश कायद्यात दंड आणि माणसाची प्रतिष्ठाही दुभत्या गाईंत मोजली जाई. ‘टॉन बो कूल्न्या’ या वीरकथेचा विषयच गुरांची धाड; आपल्याला विराटपर्वातले गोग्रहण आठवावे. रस्त्याला आयरिशमध्ये ‘बोहर’ म्हणतात, तो मूळचा गाईंचा मार्ग. कॉर्मकच्या नावावरील जुन्या शब्दकोशात त्याची रुंदी दोन गाईंची सांगितली आहे : एक उभी, एक आडवी. मुलगा या अर्थाचा ‘बुअखिल’ हा शब्द मुळात गुराख्याचा.

इथे एक सावधगिरी हवी. बॉइन नदीचे नाव टॉलेमीने ‘बुविंदा’ असे नोंदवले. ते वाचून ‘गोविंद’ सापडल्याचा आनंद होतो. पण तिथे ‘विंदा’चा अर्थ ‘पांढरी’. नदी म्हणजे ‘पांढरी गाय’. आपल्या ‘गोविंद’ची परंपरागत फोड ‘गाई मिळवणारा’ अशी आहे. ध्वनी जुळले म्हणून अर्थ जुळत नाही. आणि ‘बो’–‘गौः’सारखे खरे नाते ध्वनी जुळत नसतानाही असते.

आज आयर्लंडमधल्या रस्त्यांच्या पाट्यांवर ‘बोहर’ वाचणाऱ्याला गाय दिसत नाही. आपणही ‘गोष्ट’ सांगतो, तेव्हा तिच्यामागची ‘गोष्ठी’ आणि त्यामागचा गोठा कुठे आठवतो?